थेंबांसाठी माणूस पाहिजे

नोकरीची जाहिरात संस्थेतल्या पेशीशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी स्वतः लिहिली, कारण दुसऱ्या कुणाला ती धड लिहिता येणार नाही याची त्यांना खात्री होती. 'कॅन्सरमधील प्रथिनांच्या थेंबीभवनावर संशोधन करण्यासाठी पेशीशास्त्रज्ञ पाहिजे.' थेंबीभवन हा शब्दही त्यांनीच पाडलेला. प्रशासनाच्या बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "सर, हे प्लंबिंगचं आहे का?" प्रमुखांनी कागदावर सही केली. मूर्खांना उत्तरं देत बसलं तर आयुष्य पुरत नाही, असं त्यांचं मत होतं. आणि मूर्ख नसलेला माणूस त्यांच्या मते संस्थेच्या अख्ख्या इमारतीत एकच होता. तो त्यांना रोज सकाळी लिफ्टच्या आरशात भेटायचा.

आता हे थेंबांचं प्रकरण काय ते सांगायला हवं, नाहीतर प्रमुख समजणार नाहीत. पेशी म्हणजे पाण्याने गच्च भरलेली पिशवी, आणि त्या पाण्यात हजारो तऱ्हेची प्रथिनं. प्रमुखांनी ऐन उमेदीत त्यातल्या एका प्रथिनाला हिरवा चमकणारा रंग जोडला, कॅन्सरची पेशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि त्यांना दिसलं की ते प्रथिन पेशीभर पसरलेलं नाही. ते एकत्र आलंय, आणि त्याचे गोल गोल थेंब झालेत, पाण्यावर तेलाचे व्हावेत तसे. निरोगी पेशीत मात्र थेंबाचा पत्ता नाही. झालं! थेंब म्हणजेच कॅन्सरचं इंजिन, थेंब विरघळवा आणि कॅन्सर थांबवा, असा सिद्धान्त त्यांनी ठोकून दिला. त्या एका हिरव्या चित्रावर त्यांना प्रमुखपद मिळालं, परिषदांची आमंत्रणं मिळाली, खांद्यावर शाली पडल्या. ते चित्र संस्थेच्या दारात लागलं, कॅलेंडरवर आलं, चहाच्या कपावरही चढलं. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'थेंबसम्राट' म्हणत. प्रमुखांच्या ते कानावर आलं होतं. त्यातल्या सम्राटावर ते खूश होते.

थोडक्यात, थेंब होते म्हणून प्रमुख होते. थेंब गेले तर उरला असता निवृत्तीला टेकलेला एक चिडका मास्तर. आणि निवृत्ती तर आलीच होती. पण एका श्रीमंत ट्रस्टने मनावर घेतलं होतं की फक्त थेंबांच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र केंद्र काढायचं आणि प्रमुखांना तहहयात त्याचं संचालक करायचं. ट्रस्टने आधीच एक नवा मायक्रोस्कोप पाठवून दिला होता. त्याला उबदार काचेची पेटी होती, आणि त्या पेटीत पेशी जिवंत ठेवून पाहता येत. तो चालवायला माणूस हवा, म्हणून ही भरती.

जिवंत पेशी या लॅबने कधी पाहिलीच नव्हती. त्याचं कारण मोठं शास्त्रीय होतं: लिफ्ट. पेशी वाढवायची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, जुना मायक्रोस्कोप तळघरात, आणि लिफ्ट या दोन्ही ठिकाणी पोचत नसे. पेशी म्हणजे भारी नाजूक जात, दोन जिने उतरेपर्यंत गारठून मान टाकते. म्हणून वरच तिला फॉर्मेलिनमध्ये बुडवायची, म्हणजे ती आहे त्या स्थितीत थिजते, आणि मग निवांत, वाटेत चहा घेत खाली न्यायची. आधी ती सोय होती, पुढे तिची पद्धत झाली, आणि पद्धतीला पुरेशी वर्षं झाल्यावर तिच्याबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे घरच्या देवाला हात लावणं झालं.

मुलाखत घ्यायला तिघं बसली: प्रमुख, प्रशासनाच्या बाई आणि संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. प्राध्यापक डोळे मिटून ऐकत. ऐकताना ते घोरत.

पहिला आला तो एक तरुण. त्याने पडद्यावर थेंब नाचवले, संगीतासकट. थेंब एकमेकांत मिसळत होते, फुटत होते, परत जुळत होते.

"हे तुम्ही पाहिलंय की रंगवलंय?" प्रमुखांनी विचारलं.

"रंगवलंय सर. पण पाहिल्यासारखं रंगवलंय."

प्रमुखांनी त्याला दार दाखवलं. असल्या पोरांची उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ते बाईंना म्हणाले. बाईंना मात्र थेंब आवडले होते.

दुसरी एक बाई आली. चाळिशीकडे झुकलेली, आखूड केसांची, पायात धावायचे बूट. तिने प्रमुखांचे सगळे शोधनिबंध वाचले होते. इथेच तिचं पहिलं चुकलं. प्रमुखांचे निबंध वाचायचे नसतात, त्यांचा फक्त उल्लेख करायचा असतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "हे थेंब जिवंत पेशीत कुणी पाहिलेत का?"

"म्हणजे?"

"तुमच्या प्रत्येक चित्रातली पेशी फॉर्मेलिनने थिजवलेली आहे. कॅन्सरच्या पेशीत हे प्रोटीन निरोगी पेशीपेक्षा खूप जास्त असतं, ते तुम्ही चांगलं दाखवलंय. पण जास्त प्रोटीन आणि वरून फॉर्मेलिन म्हटल्यावर त्याचे गोळे धरू शकतात की नाही? दुधात लिंबू पिळायचं आणि मग म्हणायचं, बघा बघा, दुधात किती गुठळ्या असतात!"

प्राध्यापकांचं घोरणं थांबलं.

"ही पद्धत," प्रमुख एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून आम्ही वापरतोय."

"तेव्हापासून वापरताय म्हणूनच विचारलं. माझं चुकत असलं तर उत्तमच की सर. जिवंत पेशी बघायची, एका दुपारचं तर काम आहे. मला घेतलंत तर मी पहिल्या दिवशी तेच करीन."

 प्रमुखांनी तिच्या अर्जावर शेरा मारला: सांघिक वृत्तीचा अभाव. मग तिचे आभार मानून, ती दाराबाहेर जायच्या आतच, पुढच्याला बोलावलं.

पुढचा आला तो आपला कोट सावरत. कोट कुणा जाड्या नातेवाइकाचा असावा. गृहस्थ हाताने कसबी होता, त्याची कामाची चित्रं स्वच्छ होती, पण आजवर त्याला कुठे कायमची नोकरी मिळाली नव्हती. इथे दोन वर्षं, तिथे दीड वर्ष, असा विंचवासारखा पाठीवर बिऱ्हाड घेऊन तो प्रयोगशाळांतून फिरला होता.

"आमचे थेंब पाहिलेत?"

"हो सर."

"काय मत?"

"सुंदर आहेत सर."

"जिवंत पेशीतही दिसतील ना?"

त्याने क्षणभर विचार केला. प्रश्नाचा नाही, प्रमुखांच्या चेहऱ्याचा. "न दिसायला काय झालं सर?"

प्रमुखांनी त्याच्याकडे अतिशय तुच्छतेने पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

"ती बूटवाली हुशार होती हो," प्राध्यापक निघताना म्हणाले.

"हुशारीची इथे टंचाई नाही," प्रमुख म्हणाले, आणि कोटवाल्याचं नाव वर पाठवलं.

घरी प्रमुखांची बायको दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून घरी आल्यावर तिला नवऱ्याच्या तोंडून काही ऐकायची फार हौस उरत नसे. पण जेवताना प्रमुखांना श्रोता लागे, आणि दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तिला तिन्ही उमेदवार सांगितले, पैकी बूटवालीचा आवाज मुद्दाम चिरका काढून.

"म्हणजे दात नसलेला निवडलात," बायको म्हणाली.

"म्हणजे काय?"

"काही नाही. जेवा."

"अगं, मला हाताखाली माणूस हवा होता. मास्तरीण नको होती."

"अहो, माझ्या खुर्चीतल्या माणसाला मी दात ठोकून विचारते, दुखतंय का? जो ओरडतो त्याची मला काळजी नसते. कुठला दात ते कळतं. जो 'नाही, नाही' करत मान हलवतो ना, त्याच्या हिरडीत हमखास पू निघतो." तिने ताट उचललं. "ती बाई म्हणाली ते एकदा बघून का घेत नाही तुम्ही?"

प्रमुख म्हणाले की ज्याचं काम त्याने करावं, दातवाल्यांनी पेशींच्या भानगडीत पडू नये. त्यावर ती हसली आणि भांडी विसळायला गेली. तेवढ्यात मोठ्या भावाचा फोन आला. दादांचा फरशांचा धंदा होता, आणि गेली कित्येक वर्षं त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न एकच असायचा. "काय रे, झाला का कॅन्सर बरा?" एरवी प्रमुख चिडत. त्या दिवशी म्हणाले, "होईल. माणूस मिळालाय."

माणूस रुजू झाला. पहिल्या दिवशी तो बायको आणि मुलीला घेऊन प्रमुखांना भेटायला आला. मुलीने दर दोन वर्षांनी शाळा बदलली होती, त्यामुळे ती नव्या माणसाकडे फार आशेने बघत नसे. त्याची बायको मात्र भडाभडा बोलली. "सर, या वेळी मी सामानाचे खोके फाडून टाकले. आधीच्या घरांमध्ये मी ते घडी घालून कपाटावर ठेवायचे, परत लागतील म्हणून. आता म्हटलं, फाडा!" प्रमुख "छान, छान" म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

आठवडा संपायच्या आत लॅबमधल्या पोरांनी नव्या साहेबांचं बारसं करून टाकलं: नंदीबैल. लाडाने नंदी. सर काही बोलले की याची मान आधी हलायची, वाक्य मागाहून संपायचं. सर म्हणाले, हवा गरम आहे, तर हा रुमाल काढायचा. सर म्हणाले, नाही, गार आहे, तर रुमाल खिशात. पोरं हसत, आणि प्रमुखही मनातून हसत. माणूस पायपुसण्यासारखा वागला की त्याच्यावर पाय पुसावेत, यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

पण हा नंदी एका सकाळी दारात येऊन उभा राहिला आणि मान न हलवता म्हणाला, "सर, जिवंत पेशीत थेंब जरा..."

"जरा काय?"

"जरा कमी दिसतात सर."

"किती कमी?"

नंदी फरशीला सांगितल्यासारखं म्हणाला, "बरेच कमी."

"मायक्रोस्कोप नवा. तुमचे हात नवे. जुनं इथे काय आहे? थेंब! मग चूक कुणाची असेल?"

"माझी सर."

"मग सुधारा."

तो गेला. काही दिवसांनी परत आला. या वेळी त्याने दार लावून घेतलं. "सर, आपण दोघांनी मिळून एकदा बघू या का? तुम्ही फक्त पाच मिनिटं बसलात तरी..."

"मी जन्मभर बघत आलोय. आता बघायचा पगार तुम्हाला मिळतो."

खरं सांगायचं तर प्रमुखांना भीती वाटत होती. त्या काचेच्या पेटीपाशी बसायचं म्हटलं की त्यांच्या कानात बूटवाली बाई बोलायला लागे. घाबरलेला माणूस एक तर पळतो, नाहीतर नाक मुरडतो. प्रमुखांचे गुडघे पळण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून त्यांनी नंदीच्या कोटाला, चालण्याला, डबा खाण्याला, हस्ताक्षराला नाकं मुरडली, आणि पेटीपाशी बसायचं तेवढं टाळलं. नंदीने पुन्हा विषय काढला नाही. पुढे कधी प्रमुखांनी जाता जाता विचारलं, "काय, थेंब?" तर तो म्हणे, "हो सर." या 'हो'चा अर्थ काय, हे प्रमुखांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

ट्रस्टची मंडळी बघायला येणार असं कळलं तेव्हा प्रमुखांच्या अंगात संचारलं. फोटो नकोत, भाषण नको, थेट जिवंत पेशी पडद्यावर दाखवायची असं त्यांनी जाहीर केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"आधी तुम्ही स्वतः बघितलंय का?" बायकोने सकाळी टाय बांधताना विचारलं.

"तिथे माणूस नेमलाय."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. फोटोच दाखवा की."

"माझ्या मुठीत आहे ते मला माहिती आहे," प्रमुख म्हणाले. हे अर्थात खोटं होतं. पण घरात बोललेलं होतं, त्यामुळे चालून गेलं.

ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे रंगाच्या कारखान्याचे मालक. गोल, आनंदी, आणि आपल्याला सगळं कळतं अशा खात्रीने जन्मलेले. सोबत दोन विश्वस्त होते. अध्यक्ष हसले की त्यांतला एक हसे आणि दुसरा पहिला हसला की हसे. प्रमुखांनी तिघांकडे एकदा पाहिलं आणि मनात तिघांना मिळून नापास केलं. मग खोलीत काळोख केला, खुर्च्या मांडल्या, आणि थेंबांचं इंजिन, इंजिनाचा कॅन्सर वगैरे नेहमीचं आख्यान लावलं.

"आमच्या रंगातही असंच होतं," अध्यक्ष मध्येच म्हणाले. "गुठळ्या धरतात. आम्ही मात्र तो माल परत घेतो." दोन्ही विश्वस्त आपापल्या क्रमाने हसले.

"दाखवा," प्रमुख नंदीला म्हणाले.

पडद्यावर कॅन्सरची पेशी आली. हिरवीगार, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. शेवाळं धरलेलं तळं असावं तशी. त्यात थेंब नव्हता.

"फोकस करा."

"केलाय सर."

"दुसरी पेशी घ्या."

दुसरी आली. तिसरी आली. सगळ्या निरोगी बाळासारख्या गुटगुटीत, चमकणाऱ्या, आणि सगळ्या बिनथेंबाच्या. प्रमुखांच्या टायच्या आत घाम सुटला. जन्मभर पाहिलेले थेंब असे एकाएकी जातील कुठे? ते पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक हिरवं दिसायला लागलं.

"थेंब कुठले म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक मिनिट साहेब," नंदी म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता. "आता मी पेशींना जरा ताण देतो. ताण पडला की थेंब धरतात."

"ताण!" अध्यक्ष खूश झाले. "माझी सूनसुद्धा हेच म्हणते. सगळे रोग ताणानेच होतात."

नंदीने पेटीचं झाकण उचललं. त्याच्या हातात पिपेट होतं, आणि त्यात पाण्यासारखं काहीतरी. त्याने ते अलगद डिशमध्ये सोडलं. खोलीत एक बारीक, झोंबरा वास आला. त्या तिघांना तो नुसता दवाखान्यासारखा वास वाटला असेल. प्रमुखांच्या कपड्यांना, बोटांना, डब्यालासुद्धा जन्मभर तोच वास येत होता. फॉर्मेलिन.

आणि पडद्यावर थेंब आले. आधी बारीक ठिपके, मग टपोरे गोल. बघता बघता सगळं तळं हिरव्या मण्यांनी भरून गेलं. तेच थेंब, कॅलेंडरवरचे, कपावरचे.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. विश्वस्तांनी वाजवल्या.

प्रमुख पडद्यासमोर उभे राहिले होते. त्यांना सगळं एका श्वासात कळलं. बूटवाली बाई खरं बोलत होती. नंदीला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्याने दोनदा सांगायचा प्रयत्न केला, आणि मग, सांगून उपयोग नाही म्हटल्यावर, साहेबांना हवं ते आणून देण्याची व्यवस्था केली. आणि पेशीत थेंब कधी नव्हतेच. होता तो एक मरणारा जीव आणि त्यावर ओतलेलं हे पाणी. प्रमुखांना लाज वाटली. इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

लाज वाटली की प्रमुख जे करत तेच त्यांनी केलं: समोरच्यांकडे पाहून, काय बैल आहेत, असं मनाशी म्हटलं. डोळ्यांदेखत दूध नासवलं आणि हे टाळ्या वाजवतायत! पण आज तेवढ्याने भागेना. कारण एवढी वर्षं टाळ्या वाजवल्या त्या याच लोकांनी, यांच्यासारख्याच लोकांनी. यांच्या टाळ्यांवर तर शाली मिळाल्या होत्या. मूर्खांनी केलेलं कौतुक त्यांना आजवर पचत आलं होतं, कारण त्याखाली काहीतरी खरं आहे अशी त्यांची समजूत होती. आता खाली काहीच नव्हतं, आणि ते कौतुक त्यांच्या घशात अडकलं. प्रामाणिकपणाने म्हणाल तर नाही, निव्वळ तिरस्काराने त्यांच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"टाळ्या बंद करा," ते ओरडले. "हे थेंब खोटे आहेत."

टाळ्या थांबल्या.

"तो ताण नव्हता. फॉर्मेलिन होतं. फॉर्मेलिन ओतलं की हे प्रोटीन गोळा होतं. पेशीत थेंब नाहीत. कधीच नव्हते. मी जन्मभर दुधात लिंबू पिळत आलो आणि लोकांना गुठळ्या दाखवत आलो. कळलं का? तुम्ही आत्ता ज्याला टाळ्या वाजवल्यात ते काहीही नाही!"

 अध्यक्षांचं तोंड उघडं होतं. प्रमुखांना वाटलं, सुटलो. जे होईल ते होवो, पण या बैलांच्या पंगतीतून तरी उठलो.

"नाही," नंदी म्हणाला.

या इमारतीत हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला असेल. प्रमुख गर्रकन वळले.

"नाही साहेब," नंदी अध्यक्षांना सांगत होता, सावकाश, नम्रपणे, घरातल्या म्हाताऱ्याबद्दल पाहुण्यांना सांगावं तसं. "सर स्वतःच्या कामाबद्दल नेहमी असेच कठोर असतात. रोज सकाळी ते मला हेच विचारतात, थेंब खरे कशावरून? पुन्हा तपास, पुन्हा तपास. म्हणून तर काम इतकं पक्कं झालं. आम्हाला सगळ्यांना त्याची सवय आहे."

"खोटं बोलतोय हा!" प्रमुख म्हणाले. "मी याला कधीही असं विचारलं नाही! याने सांगितलं तेव्हा मी हाकलून दिलं याला!"

"पाहिलंत?" नंदी म्हणाला. "श्रेयसुद्धा घेत नाहीत."

अध्यक्ष उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तीस वर्षं धंद्यात आहे," ते म्हणाले, "पण स्वतःच्या मालाला असं तोंडावर नावं ठेवणारा माणूस मी आज बघितला. कोट्यवधीचं केंद्र समोर आहे, आणि हा गृहस्थ म्हणतो, नको, मला शंका आहे! अशा माणसाच्या हातात नाही द्यायचं, तर कुणाच्या द्यायचं?" त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी विश्वस्त त्यांच्या आधी उभे राहिले.

"अहो, वास घ्या! वास घ्या जरा!" प्रमुखांचा आवाज फाटला.

तिघांनी आज्ञाधारकपणे नाकं वर केली.

"छान आहे," एक विश्वस्त म्हणाला. "आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असाच यायचा."

प्रमुखांनी नंदीकडे पाहिलं. जन्मभराच्या सवयीने त्यांनी त्याला तुच्छ लेखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आता इथून कुठे जायचं ते या माणसाला माहीत होतं आणि प्रमुखांना नव्हतं. उद्या ते लेख लिहून सांगतील, थेंब खोटे आहेत. लोक म्हणतील, केवढी ही विनयशीलता! परिषदेत ओरडून सांगतील. लोक उभे राहतील. आणि त्यांचं खरं मानून ताबडतोब मायक्रोस्कोपपाशी जाऊन बसेल असा माणूस शोधायला गेलं, तर अशी माणसं त्यांनी वेचून वेचून दाराबाहेर घालवली होती. प्रमुखांना आता खरोखरच भीती वाटली, आणि या वेळी नाक मुरडूनही ती जाईना.

"पुन्हा एकदा दाखवाल का हो?" अध्यक्षांनी विचारलं. ते प्रमुखांना विचारत नव्हते. "ते आधी नाहीत आणि मग येतात ना, ते बघायला फार मजा येते."

"दाखवतो की साहेब," नंदी म्हणाला. त्याने प्रमुखांकडे परवानगीसाठी पाहिलं नाही. नवी डिश उचलली, झाकण काढलं, पिपेट भरून हाताशी ठेवलं. पडद्यावर हिरवी, गुळगुळीत, जिवंत पेशी आली, पण तिचा अर्धा भाग काळा दिसत होता.

"सर," तो म्हणाला. आवाजात आदर होता तेवढाच होता. "जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय."

प्रमुख बाजूला झाले.